लॉग बुकातले अकरा तास

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही एका प्लेटिंग युनिटमध्ये गुणवत्ता विभाग सांभाळता. १२.९ ग्रेडच्या, म्हणजे फार मजबूत, कडक पोलादाच्या १८,००० बोल्टांचा लॉट होता. जस्ताचं इलेक्ट्रोप्लेटिंग (विजेने थर चढवणं) झाल्यावर ४ तासांच्या आत बेकिंग, म्हणजे पोलादात शिरलेला हायड्रोजन काढण्यासाठी ओव्हनमध्ये तापवणं, सुरू व्हायला हवं होतं, पण ओव्हन बिघडला आणि ते ११ तासांनी सुरू झालं. टेन्साइल टेस्ट (बोल्ट ओढून ताकद तपासण्याची चाचणी) पास आहे. हे सगळं तुमच्या लक्षात येईपर्यंत ६,००० बोल्ट ग्राहकाकडे पोचलेही होते. मालक म्हणतात, "टेस्ट पास आहे ना, मग लॉगमध्ये ३ तास लिही आणि सर्टिफिकेट दे. हा ग्राहक गेला तर ४० जणांच्या घरी काय सांगायचं? क्वालिटीवाल्याचं डोकं जरा बाजूला ठेव आणि धंदा चालवणाऱ्यासारखा विचार कर." आणि तुम्ही विचारताय, सही करू की राजीनामा देऊ?

मी २६ वर्षं उष्णोपचार आणि प्लेटिंगच्या गुणवत्ता विभागात काढली, त्यातली शेवटची १२ विभागप्रमुख म्हणून. तुमच्या जागी मी बसलेली आहे, आणि दर वेळी नीट वागले असंही नाही. त्यामुळे उपदेश करणार नाही, मी कसा विचार केला असता तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, तुमचा प्रश्न सहीचा किंवा राजीनाम्याचा नाहीये. एका वाक्यात तीन वेगवेगळे निर्णय गुंफले गेलेत: उरलेले १२,००० बोल्ट पाठवायचे का, गेलेल्या ६,००० बद्दल ग्राहकाला सांगायचं का, आणि लॉगमध्ये खोटा आकडा लिहायचा का. मालकांनी तिन्हींचं एकच गाठोडं करून तुमच्यापुढे ठेवलंय, आणि गाठोडं उचलायचं की टाकायचं एवढंच तुम्हाला दिसतंय. मुद्दाम केलं असेल असं नाही. घाबरलेला माणूस असाच बोलतो. पण ते सोडवल्याशिवाय तुम्हाला विचारच करता येणार नाही.

यातला तिसरा निर्णय सर्वात सोपा आहे, म्हणून तो आधी उरकू. ११ च्या जागी ३ लिहायचं नाही. इथे तोलामापाला जागा नाही, कारण ते लिहिल्याने एकही बोल्ट चांगला होत नाही. फक्त पुढे जो कोणी कारण शोधायला बसेल, त्याला ते सापडू नये एवढीच त्या आकड्याची कामगिरी. आणि तो आकडा तुमच्या अक्षरात असेल, मालकांच्या नव्हे.

आता खरा अवघड भाग. तुमचे मालक कदाचित बरोबर असतील. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाहीये. ४ तासांची मर्यादा हा मानकांतून चालत आलेला सावधगिरीचा संकेत आहे. ४ तास १ मिनिट झाल्यावर पोलाद अचानक बिघडत नाही. तुमच्या लॉटमधले सगळे बोल्ट आयुष्यभर बिनतक्रार काम करतील अशी शक्यता चांगलीच आहे. म्हणूनच तर हा प्रसंग अवघड आहे. बोल्ट डोळ्यांदेखत तुटत असते तर तुम्ही प्रश्न विचारलाच नसता.

पण 'टेस्ट पास आहे' या वाक्याला तुम्ही दोघंही जरा जास्त वजन देताय. प्लेटिंगच्या वेळी, आणि त्याआधी आम्लात धुताना, हायड्रोजन पोलादात शिरतो. तो लगेच काही करत नाही. बोल्ट आवळला की जिथे ताण सर्वात जास्त, म्हणजे डोक्याखालच्या गोलाईत किंवा पहिल्या गुंतलेल्या आट्यात, तिकडे तो हळूहळू गोळा होतो आणि पोलाद ठिसूळ होतं. मग काही तासांनी, काही दिवसांनी बोल्ट आपोआप तुटतो. टेन्साइल टेस्ट काही मिनिटांत संपते, हायड्रोजनला तेवढ्यात हालायलाही सवड मिळत नाही. त्यामुळे ती टेस्ट खरी आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारी नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या भागात मार्च २०१३ मध्ये जाडजूड अँकर रॉड आवळले, आणि काही दिवसांतच ९६ पैकी ३२ तुटले. तिथे हायड्रोजन कुठून आला याचं कारण तुमच्यापेक्षा वेगळं होतं, रॉड बरीच वर्षं पाण्यात राहिले होते. उशिरा तुटण्याची रीत मात्र हीच.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. तुमच्या लॉटचा कडकपणा प्रत्यक्षात किती भरला? १२.९ ग्रेडची पट्टी साधारण ३९ ते ४४ एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप). लॉट खालच्या टोकाला असेल तर एक गोष्ट, ४३ च्या पुढे असेल तर दुसरी. हाच लॉट १०.९ चा, म्हणजे खालच्या, कमी कडक ग्रेडचा असता तर माझा सूर बराच शांत असता. मधल्या ११ तासांत बोल्ट नुसते पडून होते की त्यांच्यावर काही प्रक्रिया झाली? नंतरचं बेकिंग पूर्ण वेळ आणि योग्य तापमानाला झालं का? उशिरा का होईना, बेकिंगने बराच हायड्रोजन निघून जातो. पण आधीच बारीक तडा गेला असेल तर तो बुजत नाही. ही माहिती आजच एका कागदावर काढा. नैतिक पेच म्हणून आलेल्या कितीतरी गोष्टी मी अर्ध्या दिवसाच्या तपासणीत निम्म्या झालेल्या पाहिल्या आहेत.

त्याबरोबरच राखून ठेवलेले काही बोल्ट फिक्स्चरमध्ये (चाचणीच्या पकडीत) आवळून ताणाखाली ठेवा, किमान ४८ तास. या दोषासाठी हीच चाचणी कामाची. मात्र तिची मर्यादा लक्षात असू द्या. एक जरी बोल्ट तुटला तर वादच मिटला. एकही तुटला नाही तर शंका कमी होते, संपत नाही, कारण हा दोष लॉटमध्ये सारखा पसरलेला नसतो.

समजा सगळी माहिती हाती आली आणि धोका लहान आहे असं तुमचंही मत झालं. तरी ग्राहकाला सांगायचं का?

माझं उत्तर हो, आणि त्याचं कारण प्रामाणिकपणाच्या गोडव्यांत नाही. तो बोल्ट कुठे बसणार हे तुम्हाला माहीत नाही. एखाद्या झाकणावर दहा बोल्टांतला एक म्हणून बसणार, की एकट्याने अख्खा भार पेलणार? किती टॉर्कला आवळणार? ओलाव्यात राहणार? तुटला तर खडखडाट होईल की कोणाचा जीव जाईल? धोका म्हणजे तुटण्याची शक्यता आणि तुटल्यावरचा परिणाम, हे दोन्ही मिळून. त्यातला दुसरा अर्धा भाग फक्त ग्राहकाकडे आहे. 'धोका लहान आहे' हे वाक्य तुम्ही किंवा तुमचे मालक प्रामाणिकपणे उच्चारूच शकत नाही. तेवढी माहितीच तुमच्या कारखान्यात नाही.

पेच कसलाही असो, मी आधी हेच विचारते: नुकसान झालं तर ते कोणाच्या अंगावर पडणार, आणि त्या माणसाला हे ठाऊक आहे का? मालकांनी स्वतःचे पैसे लावून जोखीम घेतली तर तो धंदा आहे, त्यात मी पडणार नाही. इथे जोखीम तिसऱ्याच्या माथी जाते आहे, तीही त्याच्या नकळत, आणि वर 'सगळं ठीक आहे' असा तुमच्या सहीचा कागद जोडून.

याला व्यवसायात रीतसर वाट आहे, आणि ती तुमच्या मालकांना माहीत असणारच. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकातलं ८.७ हे कलम नेमकं अशाच मालाबद्दल बोलतं: वेगळा काढा, थांबवा, ग्राहकाला कळवा, किंवा त्याची मंजुरी घेऊन तसाच द्या. याला आपण कन्सेशन म्हणतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये तर सदोष माल निघून गेला असेल तर ग्राहकाला ताबडतोब कळवणं सक्तीचं आहे. म्हणजे 'पाठवू की फेकू' यांच्या मध्ये तिसरी वाट आहे: सगळं सांगून विचारायचं. ग्राहक कदाचित म्हणेल, हे कमी भाराच्या जागी लागतात, चालतील. कदाचित सगळे परत मागवेल. दोन्ही वेळा निर्णय ज्याचा त्याने घेतलेला असेल.

ही वाट सडू शकते, हेही सांगायला हवं. जपानमध्ये याच सवलतीला 'तोकुसाई' म्हणतात. कोबे स्टीलने ऑक्टोबर २०१७ मध्ये कबूल केलं की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे आकडे बदलून तो ग्राहकांना दिला गेला. अशा ग्राहकांची संख्या पुढे ५०० च्या वर गेली. मूळ कल्पना साधी होती, किंचित कमी भरलेला माल ग्राहकाच्या संमतीने द्यायचा. हळूहळू मधली संमती गळाली. तिथल्या अनुभवी लोकांनाच वाटू लागलं की एवढं चालतं, विचारायचं कशाला. काही प्रकार तर १९७० च्या दशकापासून सुरू होते असं चौकशीत निघालं. यातला मला सर्वात बोचणारा तपशील असा की बहुतेक ग्राहकांनी तपासल्यावर त्यांना तातडीचा धोका आढळला नाही. म्हणजे तिथल्या माणसांचा तांत्रिक अंदाज बराचसा बरोबर होता! तरी कंपनीचं नाव गेलं, अध्यक्षांना जावं लागलं. कारण एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या सगळ्या आकड्यांची किंमत शून्य होते, आणि गुणवत्ता विभाग विकतो काय तर आकडेच.

(अशा चर्चांत १९८२ चं टायलेनॉल प्रकरण हमखास काढतात, कंपनीने देशभरातल्या बाटल्या परत घेतल्या ते. उत्तमच काम होतं. पण तिथे विष बाहेरच्या कोणीतरी घातलं होतं. स्वतःच्या ओव्हनचं लॉग बुक समोर ठेवून ग्राहकाला फोन करणं ही फार वेगळी गोष्ट आहे, म्हणून मला ते उदाहरण कधीच फारसं उपयोगी पडलं नाही.)

मालकांच्या त्या 'क्वालिटीवाल्याचं डोकं बाजूला ठेव' वर थोडं थांबते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर यान उडण्याच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण नको. कंपनीच्या वरिष्ठांनी अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. शिफारस बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. तुमचा लॉट म्हणजे अवकाशयान नव्हे, ती तुलना मी करत नाही. मला त्या वाक्याची जात दाखवायची आहे. टोपी बदलल्याने थंडी कमी झाली नाही. जेव्हा कोणी तुम्हाला वस्तुस्थितीवर नवी माहिती न देता फक्त दुसऱ्या भूमिकेतून बघायला सांगतं, तेव्हा त्याच्याकडे वस्तुस्थितीबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता ते ४० जण. हा मुद्दा भावनिक दबाव म्हणून झटकू नका, तो खरा आहे. आणि सांगितल्याने ग्राहक टिकतोच असंही मी म्हणणार नाही. एकदा आम्ही असंच कळवलं, ग्राहकाने आभार मानले, कन्सेशन दिलं, आणि पुढच्या वर्षी गुपचूप अर्धं काम दुसरीकडे वळवलं. तेव्हा रात्रपाळी बंद करावी लागली. त्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघणं सोपं नव्हतं. तरी हिशेब पूर्ण मांडा. मालकांनी एकच बाजू मांडली आहे: सांगितलं तर काम जाईल. न सांगता एखादा बोल्ट तुटला तर तपास करणारे तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, हायड्रोजनची खूण ओळखतील आणि पहिला प्रश्न बेकिंगच्या वेळेचा विचारतील. ओव्हनची दुरुस्ती झाली त्याची नोंद, वीजवापर, पाळीवरच्या लोकांचे जबाब, यांत ११ तास कुठेतरी उरलेलेच असतात. मग जाते ती एक ऑर्डर नव्हे, कारखानाच. हे ४० जण दोन्ही पारड्यांत आहेत.

माझ्या स्वतःच्या चुकीचं सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी भट्टीच्या तापमानाच्या आलेखातल्या पेनची शाई वाळली आणि जवळजवळ दोन तासांची रेघच उमटली नाही. भट्टी ठीक चालल्याची मला खात्री होती, समोरच्या डिजिटल पट्टीवर मी डोळ्यांनी बघितलं होतं. तपासनीस यायचे होते. मी त्याच रंगाच्या पेनने रेघ ओढून टाकली. काहीच झालं नाही. माल चांगलाच होता. पुढे आणखी एकदा तसं झालं तेव्हा हात तितका अडखळला नाही. आणि वर्षभराने माझ्या हाताखालच्या मुलाने एक आलेख आणून दिला, सुबक, अखंड. मला शंका आली म्हणून विचारलं, तर तो सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही करता तसंच केलं." त्या दिवशी भट्टी खरोखर बिघडली होती. तो लॉट आम्ही अडवू शकलो, केवळ मी विचारलं म्हणून. तुम्ही ३ लिहिलंत तर ते बाकीचे शिकतील, हे मी तेव्हापासून हिशेबात धरते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आजच उरलेल्या १२,००० वर होल्डचं लेबल लावा. यासाठी तुम्हाला कोणाची परवानगी लागत नसावी, तो तुमचाच अधिकार आहे. ६,००० चं घाईचं आहे. ते आवळले गेले की हायड्रोजनचं घड्याळ सुरू होतं, म्हणून ४८ तासांच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत फोन थांबवू नका. ग्राहकाला एवढंच सांगायचं की या क्रमांकाच्या लॉटमध्ये बेकिंग उशिरा सुरू झाल्याचं आढळलंय, चाचणी लावली आहे, तोवर हे बोल्ट वापरू नका आणि वापरले असतील तर कुठे ते कळवा. माफी, कारणं, सुधारणा हे सगळं नंतर.

हा फोन तुम्ही मालकांच्या पाठीमागे करू नका, निदान पहिला प्रयत्न तरी. मालकांकडे 'हे अनैतिक आहे' असं म्हणत गेलात तर ते स्वतःचा बचाव करू लागतील आणि बोलणं तिथेच संपेल. मी कागद घेऊन जायचे: एका बाजूला लॉटची माहिती, दुसऱ्या बाजूला कन्सेशन मागणाऱ्या पत्राचा मसुदा तयार. आणि म्हणायचे, "३ तास मी लिहू शकत नाही. ११ तास लिहून, सोबत चाचणीचा निकाल जोडून सही द्यायला मी आत्ता तयार आहे." यात तुम्ही सही नाकारत नाही, खरी सही देऊ करता. बऱ्याच मालकांना उतरायला जागा हवी असते, ती अशी मिळते. भांडण ओढवायचंच नसेल तर नकार लेखी द्यायची गरज नाही, पण बोलणं झाल्यावर त्याच दिवशी एक साधी ईमेल टाका: अमुक लॉट, अमुक तास, मी अमुक सुचवलं.

ते ऐकलेच नाहीत तर? इथे माझं उत्तर ठाम नाही. घर तुमचं चालवायचं आहे, माझं नाही. आणि मी आता निवृत्त आहे, धाडस मला स्वस्त पडतं. सर्टिफिकेटवर दुसऱ्याने सही केली आणि तुम्ही पुढची नोकरी मिळेपर्यंत थांबलात तर मी तुम्हाला भित्रं म्हणणार नाही. पण हे बोल्ट जीव टांगलेल्या जागी जातात, स्टीअरिंगला, ब्रेकला, उचलण्याच्या साखळीला, असं कळलं तर थांबायची मुभा राहत नाही. तेव्हा आधी एखाद्या वकिलाला भेटा, तुमच्या भागात तक्रारदाराला कायदा किती संरक्षण देतो ते समजून घ्या, कंपनीचे कागद उचलून घरी नेऊ नका, आणि मग ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला कळवा. राजीनामा देऊन गप्प बसणं हा मात्र मला सर्वात वाईट पर्याय वाटतो. त्याने तुमचे हात स्वच्छ राहतात आणि बोल्ट जिथे जायचे तिथे जातात.

अजून एक. तुमच्या प्रश्नात त्या रात्रीच्या ओव्हनवरच्या माणसाचा उल्लेख नाही, पण हे प्रकरण निवळलं की बोट त्याच्याकडेच वळेल. त्याने लॉगमध्ये खरे ११ तास लिहिले, म्हणून तर तुम्हाला हे कळलं. ग्राहकाला जाणाऱ्या सुधारणेच्या अहवालात 'ऑपरेटरला समज दिली' असं वाक्य कोणी घातलं तर ते काढा, आणि त्या जागी दुसऱ्या ओव्हनची सोय कशी करणार, किंवा १२.९ साठी इलेक्ट्रोप्लेटिंगऐवजी झिंक फ्लेक लेपाला (विजेशिवाय चढवलेला जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप) ग्राहकाची मंजुरी कधी मागणार, ते लिहा. उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी त्याला भेटून एवढं सांगितलंत तरी चालेल की नोंद बरोबर होती.